वॉशिंग सेंटरवरची रविवारची रांग कशी आटोक्यात आणावी

वॉशिंग सेंटर चालवणाऱ्याला सल्ला द्यायला कुणालाही आवडतं. दुसरा रॅम्प टाका, अ‍ॅप काढा, दहा वॉशवर एक फुकट असं कार्ड छापा. हे सांगणाऱ्यातला एकही जण रविवारी सकाळी दहाला रॅम्पशेजारी अर्धा तास उभा राहिलेला नसतो. राहिला असता तर त्याला दिसलं असतं: रॅम्पवरची गाडी धुऊन केव्हाच झालीय, पोरं आत वाकून व्हॅक्यूम मारतायत, प्रेशर पंप बंद पडून आहे आणि मागे पाच गाड्या हॉर्न वाजवतायत. अशा ठिकाणी दुसरा रॅम्प टाकला तर तोही असाच अडकतो, फक्त कर्जाचा हप्ता वाढतो.

पुढचं सगळं एक रॅम्प, एक-दोन पंप, चार-पाच पोरं आणि बोअरचं पाणी असलेल्या सेंटरसाठी आहे. आमचं सांगलीकडचं. काळी माती, उसाच्या फडातून आलेल्या गाड्या आणि जड पाणी. परवाने, थ्री-फेज मीटर, फरशीचा उतार हे झालेलं आहे असं धरतो.

१. एक रविवार वही घेऊन बसा

प्रत्येक गाडीच्या पाच वेळा लिहा: आली, रॅम्पवर चढली, शेवटचं पाणी थांबलं, रॅम्पवरून उतरली, किल्ली परत दिली. पोरांना कारण सांगू नका, नाहीतर त्या दिवशी सगळे विजेसारखे पळतात आणि आकडे खोटे येतात.

पाणी थांबल्यापासून गाडी उतरेपर्यंतचा वेळ बघा. सगळं काम वरच उरकायची सवय असेल तर गाडी पाऊण तास रॅम्पवर असते आणि पाण्याचं काम असतं त्यातलं वीस मिनिटांचं. सकाळी आठ ते दुपारी दोन म्हणजे ३६० मिनिटं. पाऊण तासाने ८ गाड्या होतात. वीस मिनिटं पाणी आणि चार मिनिटं चढ-उतार धरली तर १५. तोच रॅम्प, तीच पोरं.

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम इथे कामाला येतो: आवारातल्या गाड्या म्हणजे तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येक गाडी आवारात थांबते ते तास. तासाला ३ गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी २ तास थांबते, तर सरासरी ६ गाड्या तुमच्याकडे उभ्या असणारच. जागा चारची असेल तर दोन रस्त्यावर, आणि मग ट्रॅफिक हवालदार. जागा वाढवता येत नाही, गिऱ्हाईक कमी करायचं नाही. हात घालायला उरतो तो थांबण्याचा वेळ.

२. रॅम्पवर फक्त पाण्याचं काम

वाचायला सोपं आहे. मला मात्र सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं, म्हणून इथे जरा थांबतो.

रॅम्पवर काय करायचं: खालून चेसिस आणि मडगार्डच्या आतला चिखल, मग बॉडीवर साधं पाणी, फोम, हाताने चोळणं, शेवटचं पाणी. संपलं. गाडी ओली असतानाच खाली उतरते. पुसणं, व्हॅक्यूम, मॅट, डॅशबोर्ड, काचा, टायर पॉलिश हे सगळं खाली, शेडमध्ये. रॅम्पवर कुणाच्या हातात कोरडं फडकं दिसता कामा नये. हा नियम मी पोरांना याच शब्दांत सांगतो, कारण "जरा लवकर उरका" म्हटल्याने काही होत नाही. दिसणारी गोष्ट अडवता येते.

पहिला अडसर पोरांचाच. एका गाडीला दोघांनी धरायचं आणि किल्ली देईपर्यंत सोडायची नाही, ही त्यांची पद्धत. त्यात टिपही मिळते. तुम्ही "ओले" आणि "सुके" असे गट केलेत की ओल्या गटाला गिऱ्हाईक दिसत नाही, टिप जाते, आणि आठवडाभरात कुरबुर सुरू. टिपचा डबा एक करा आणि संध्याकाळी सगळ्यांदेखत वाटा. शिवाय गट अर्ध्या दिवसाने बदला. दिवसभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या पोराच्या पायाला चिखल्या होतात. गमबूट असले तरी होतात. दुपारी सुक्या कामाला येणार हे माहीत असलं की सकाळी तो कुरकुरत नाही. गाडीमागे कमिशन एकेकट्याला देऊ नका. स्विफ्टवर सगळे झडप घालतात आणि चिखलाने माखलेल्या बोलेरोपुढे कुणी जात नाही. द्यायचंच तर पूर्ण पाळीला मिळून द्या.

दुसरा अडसर, आणि हा खरा धोक्याचा: गाडी हलवणार कोण? आधी गाडी दोनदा हलायची, मालक चढवायचा आणि मालकच उतरवायचा. आता ती रांगेतून रॅम्पवर, रॅम्पवरून शेडमध्ये, शेडमधून बाहेर अशी हलते, आणि मालक समोरच्या टपरीवर चहा पितोय. इथेच लोक "पोरगं चालवतंय की" म्हणून सोडून देतात. माझं मत ठाम आहे: लायसन्स असलेला एकच माणूस गाड्या हलवणार, आणि तो दुसरं काही करणार नाही. एक माणूस बसवून ठेवल्यासारखं वाटतं. पण ओल्या तळव्यांनी, ओल्या फरशीवर, अनोळखी क्लचची गाडी उतारावरून मागे घेणं हे सतरा वर्षांच्या पोराचं काम नाही. लायसन्स नसलेल्याच्या हातून गाडी ठोकली तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी, आणि बंपर तुमच्या खिशातून. अंगावर गेली तर त्याची किंमत काढायलाच नको.

त्या माणसाला तीन सवयी लावा. गाडी उभी केली की हँडब्रेक, आणि उतारावर असेल तर चाकाला लाकडी गुटका. बटण-स्टार्टच्या गाडीची किल्ली मालकाच्या खिशात जाऊ द्यायची नाही. मालक किल्लीसकट टपरीवर गेला, इंजिन चुकून बंद पडलं, की गाडी रॅम्पवर जाम आणि त्याला शोधत फिरा. आणि ऑटोमॅटिक गाडीत बसल्यावर आधी ब्रेकवर पाय, मग गिअर.

किल्ल्यांसाठी भिंतीवर आकडे घातलेला बोर्ड, प्रत्येक आकड्याला प्लॅस्टिकचे दोन बिल्ले. एक किल्लीला, एक आतल्या आरशाला. बिल्ल्याचा रंगच काम सांगतो: पांढरा फक्त वॉश, पिवळा वॉश आणि व्हॅक्यूम, लाल पॉलिशसकट. वायपरखाली कागदाची चिठ्ठी लावायची पद्धत बंद करा, पहिल्या पाण्यात तिचा लगदा होतो. मग पोरगं विचारतं, "दादा, हिचं काय करायचं होतं?" आणि दादाला आठवत नसतं.

तिसरा अडसर फडक्यांचा. हा आधी कुणाच्या ध्यानातच येत नाही. रॅम्प मोकळा झाला, गाड्या भराभर खाली आल्या, आणि अकराच्या सुमाराला शेडमध्ये तीन ओल्या गाड्या नुसत्या उभ्या. जाऊन बघितलं तर दोन पोरं एकच मायक्रोफायबर धरून दोन बाजूंनी पिळतायत. बाकीची सगळी ओलीचिंब. ओल्या फडक्याने पुसलं की पाणी फक्त इकडून तिकडे सरकतं आणि काचेवर रेघा उठतात. एका गाडीला बॉडीसाठी दोन-तीन कोरडी फडकी धरा आणि रविवारच्या गाड्यांनी गुणा. तेवढी सकाळी घडी करून तयार हवीत. जुनं वॉशिंग मशीन सेंटरवरच ठेवा. फडकी धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, त्याने ती पाणी प्यायचीच थांबतात. काचेचं, बॉडीचं आणि चाकाचं फडकं वेगवेगळ्या रंगाचं हवं. चाकाला लागलेलं फडकं बॉनेटवर फिरलं तर त्यातली खडी पेंटवर गोल ओरखडे पाडते, आणि काळ्या गाडीवर ते लांबूनही दिसतात.

शेडला शेड असू द्या. सुकं काम उन्हात केलं तर पुसायच्या आत पाणी वाळतं आणि ठिपके राहतात. पक्कं छत परवडत नसेल तर शेतातलं हिरवं शेडनेट टाका, चालतं.

ही घडी बसायला वेळ लागतो. पोरं पहिल्या एक-दोन रविवारी जुन्या पद्धतीवर घसरतातच. त्या दिवशी तुम्ही गल्ल्यावर बसू नका, रॅम्पजवळ उभे राहा.

३. वेळ द्या, पण सगळी वेळ देऊ नका

व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या दिवशी वेळा द्या. दर चौथी जागा मोकळी ठेवा. सगळ्या जागा भरल्या की एक जण उशिरा आला तरी दिवसभराची रांग मागे सरकते आणि दुपारपर्यंत सावरत नाही. ती चौथी जागा रिकामी जात नाही, वाटेने येणारं गिऱ्हाईक ती भरतंच. दहाची वेळ घेऊन "निघालोय, निघालोय" म्हणणारा साडेदहाला आला तर त्याची गाडी पुढच्या मोकळ्या जागेत. नातेवाईक असला तरी.

"किती वेळ लागंल?" याला "अर्धा तास" हे उत्तर कधीच देऊ नका. गाडी रांगेत तिसरी असेल तर तसं सांगा. खरं सांगितलं की अर्धे लोक किल्ली ठेवून बाजार करायला जातात, आणि तुमच्या डोक्यावर कुणी उभं राहत नाही.

४. गाडी घेताना

चारही बाजूंनी फोटो, आधीचे ओरखडे मालकाला दाखवून. पैसे, पाकीट, दागिने काढून घ्यायला सांगा. एका मिनिटाचं काम, वाद वाचतो. इंजिनवर गन मारा असं सांगणाऱ्याला नाही म्हणा. वायरिंगच्या जोडांत पाणी गेलं की गाडी तुमच्या दारातच बंद पडते.

५. पाणी

गनचं पाणी बादलीने मोजा. २० लिटरची बादली ८० सेकंदांत भरली तर गन मिनिटाला १५ लिटर सोडते. वीस मिनिटं सलग चालू राहिली तर ३०० लिटर. खरा मारा आठ मिनिटांचा असेल तर १२०. फरक पडतो तो ट्रिगर सोडला की बंद होणाऱ्या गनमुळे आणि हातात चालू गन घेऊन गप्पा मारणाऱ्या पोराला ओरडल्यामुळे.

फोम बॉडीवर तीन-चार मिनिटं राहू द्या, वाळू देऊ नका. कपड्याची पावडर वापरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याकडून आलेल्या गाड्यांचा निस्तेज पेंट मीच बघतो.

वापरलेलं पाणी तीन कप्प्यांच्या हौदातून काढा. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, म्हणून दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणारा पाइप पृष्ठभागाच्या बराच खालून घ्या. वरून घेतला तर तेलच पुढे जातं. तिसऱ्यातलं पाणी फिल्टरमधून काढून चेसिसच्या पहिल्या धुण्याला वापरा. बॉडीला नको. फिल्टर न लावता पंपात घातलं तर बारीक वाळू पंपाची सीलं खाते. पहिल्या कप्प्यातला गाळ वेळच्या वेळी काढा. काळ्या मातीच्या मोसमात तो बघता बघता भरतो. तेलकट गाळ ओढ्यात किंवा शेतात टाकू नका. त्याची रीतसर विल्हेवाट लावायची असते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस आला तर आधी तेच विचारतो.

पिण्याचं पाणी वापरत असाल तर आत्ताच सोडा. बेंगळुरूमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली आणि दंड ठेवला ५००० रुपये. आपल्याकडे उन्हाळा काही वेगळा नसतो.

जड पाण्याचे पांढरे डाग हा बोअरवाल्यांचा कायमचा वैताग. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेंटवर वाळून बसतं. शेवटच्या पाण्यापुरता सॉफ्टनर लावा, सगळ्या पाण्याला नको, मीठ फार जातं. सॉफ्टनर लावल्यावर लोक टीडीएस मीटर बुडवतात आणि आकडा उतरला नाही म्हणून विकणाऱ्याशी भांडतात. तो उतरणारच नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो, विरघळलेले क्षार साधारण तेवढेच राहतात. तपासायचं तर कठीणपणा मोजायचं किट आणा.

६. बाकीचं

महावितरणच्या देखभालीचा वार लक्षात ठेवा आणि आदल्या रात्री वरची टाकी भरा. शाम्पू आदल्या संध्याकाळी लेबलवरच्या प्रमाणात कालवून ठेवा. सकाळी घाईत पोरं अंदाजाने ओततात. गनचा एक नोझल आणि एक होज कायम शिल्लक हवा, कारण तो रविवारीच फुटतो.

सीटचं ड्रायक्लीन आणि रबिंग-पॉलिश रविवारी घेऊच नका. ते मंगळवार-बुधवारी थोड्या सवलतीत द्या, गाडी दिवसभर कोपऱ्यात राहिली तरी बिघडत नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवसापासून दसऱ्याच्या सकाळपर्यंत फक्त पांढरा बिल्ला, बाकी सगळं बंद, आणि तसा फळा दोन दिवस आधीच बाहेर लावा. मोटरसायकली त्या दिवसांत रॅम्पकडे येऊ देऊ नका. बाजूला एक जादा होज आणि एक माणूस द्या. ट्रॅक्टरवाल्यांना पहाटे सहाची वेळ सांगा. ते येतात.