घरातल्या मांजरीच्या पिसवा कमी खर्चात कशा घालवायच्या (आणि दुसऱ्या आठवड्यात हातपाय का गाळायचे नाहीत)

"आमची मांजर तर उंबऱ्याबाहेर पाऊलही टाकत नाही, मग पिसवा आल्या कुठून?" दर पावसाळ्यात कुणी ना कुणी मला हे विचारतं. उत्तर सोपं आहे: जिन्यात झोपणाऱ्या गल्लीतल्या मांजरीकडून, उंदराकडून, नाहीतर तुमच्याच पायजम्याला चिकटून. यात लाजण्यासारखं काही नाही. आमचं इंदूर २०१७पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, तरी त्याच काळात रामबागेतल्या आमच्या दिवाणाखाली पिसवा सुखाने नांदत होत्या.

आधी खात्री करून घ्या. उवांच्या बारीक फणीने मानेपासून शेपटीपर्यंत विंचरा आणि फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग पसरला नाही तर ती नुसती धूळ.

काय घ्यायचं, काय नाही

घ्यायचं एवढंच: फणी, भांडी घासायचा साबण आणि मानेवर लावायचं, मांजरींसाठीचं फिप्रोनिलचं औषध. दर मांजरीला महिन्याला एक पिपेट (एका वेळच्या औषधाची छोटी नळी), असे तीन महिने. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, चौघं एका रात्री भुट्ट्याचा कीस, गराडू आणि वर रबडी खाऊन येतात, तेवढ्या पैशांत एका मांजरीचं बरंचसं भागतं.

शॅम्पू घेऊ नका. त्याने त्या दिवशी अंगावर असलेल्या पिसवा मरतात, आणि दुसऱ्या दिवशी नव्या चढतात. पावडर नको, स्वस्त पट्टाही नको. ‘हर्बल’ लिहिलेलं तर मुळीच नको. मांजरीचं यकृत कित्येक रसायनं आपल्यासारखी पचवून बाहेर टाकू शकत नाही. कापूर, निलगिरी, टी ट्री तेल, डांबराच्या गोळ्या, फिनाईल हे सगळं तिला विष आहे, आणि अंगावर सांडलेलं ती चाटूनच साफ करते. लसूण खाऊ घाला म्हणणाऱ्यांना हात जोडा.

सगळ्यात महत्त्वाचं: कुत्र्याचं औषध मांजरीला लावायचं नाही. ‘थोडंसं’ नाही, ‘अर्धं’ही नाही. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. त्याने मांजरीला कंप सुटतो, झटके येतात आणि ती दगावू शकते. एका दुकानदाराने मला गाईम्हशींच्या गोचिडांवरचं औषध पाण्यात पातळ करून लावायला सांगितलं होतं. ते सायपरमेथ्रिन होतं, म्हणजे त्याच घराण्यातलं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायची सवय होती म्हणून वाचले. चुकून असलं काही लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने अंग धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा, सकाळची वाट बघू नका.

पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर पिपेट लावू नका. फणी फिरवा आणि पिसवा साबणाच्या पाण्यात टाका. साध्या पाण्यात त्या तरंगत राहतात, साबण असला की बुडतात. पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर घरगुती उपाय विसरा. पिसवा लहान जिवाचं इतकं रक्त पितात की त्याला पंडुरोग, म्हणजे रक्ताची कमतरता, होऊ शकतो. पैशांची अडचण असेल तर सरकारी पशू चिकित्सालय आहे, महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

औषध लावणं

डोक्याच्या खाली, मानेच्या वरच्या भागात, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे केस बाजूला सारून थेट कातडीवर. दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ नाही. घरातल्या सगळ्या मांजरींना एकाच दिवशी. आणि वाळेपर्यंत एकीला दुसरीला चाटू देऊ नका. गुंडी आणि शेव या आमच्या दोन मांजरी. गुंडीने शेवची मान चाटली आणि तासभर तोंडातून फेस गाळत बसली. औषध कडू असतं, त्यामुळे लाळ सुटते. ती थांबली नसती तर डॉक्टरकडे न्यावंच लागलं असतं.

आता खरी डोकेदुखी

इथवर कुणालाही जमतं. मी अडकले ती पुढे, आणि ज्या-ज्या घरी मी हे करून दिलं, ते सगळे इथेच अडकले.

मांजरीच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण फौजेच्या फार तर पाच टक्के. उरलेल्या पंचाण्णव टक्के तुमच्या घरात आहेत: अंडी, अळ्या आणि कोष. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती चिकट नसतात, मांजर जिथे झोपते तिथे मिठासारखी गळून पडतात. अळ्यांना उजेड आवडत नाही, म्हणून त्या दिवाणाखाली, सोफ्याच्या फटीत, गोधडीच्या शिवणीत शिरतात आणि आईच्याच विष्ठेवर वाढतात. मग त्या कोष विणतात. तो चिकट असतो, धूळ आणि केस अंगाला लावून घेतो, म्हणून दिसत नाही. या कोषात कोणतंही कीटकनाशक शिरत नाही. आत तयार झालेली पिसू ऊब, हादरा किंवा श्वासाची चाहूल लागेपर्यंत थांबते. आठवडे थांबते, कधी कधी कित्येक महिने.

पहिल्या वेळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. औषध लावलं, दोन दिवसांत अंगावरच्या पिसवा गेल्या, मी खूश. बाराव्या दिवशी शेवच्या पोटावर पुन्हा चार. औषध नकली आहे असं ठरवून मी दुसऱ्या कंपनीचं आणलं आणि वरून लावलं. चौदाव्या दिवशी आणखी दिसल्या, मग मी अंघोळच घातली. शेवटी डॉक्टरांनी सुनावलं: "औषध ठीक होतं हो, तुम्हीच ठीक नव्हतात." औषधाने पिसू मरायला एखाद-दोन दिवस जातात. मला ज्या दिसत होत्या त्या कोषातून ताज्या बाहेर पडलेल्या होत्या. अंगावर चढल्या होत्या, मरायच्या बाकी होत्या. दोन औषधं एकावर एक लावून मी फक्त मांजरीला धोक्यात घातलं होतं.

तेव्हा हे लिहून फ्रिजवर चिकटवा: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिसवा पुन्हा दिसतील. तसं होणारच. पुढचा डोस ठरलेल्या तारखेलाच. आधी नाही, दुप्पट नाही.

शंका असेल तर आमचीच गोष्ट ऐका. एका दिवाळीला दोन आठवडे पुण्याला गेलो होतो, मांजरी बहिणीकडे होत्या. परत येऊन कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि घोट्यांना आग लागल्यासारखं झालं. पंधरा दिवस घरात चिटपाखरू नव्हतं, तरी पिसवा होत्याच. कोषात दबा धरून बसल्या होत्या. आमच्या पावलांचा हादरा बसला तशा सगळ्या एकदम बाहेर पडल्या.

यातूनच युक्ती निघते. बाहेर पडतात तर पडू द्या, उलट घाईने बाहेर काढा. दिवाण बडवा, सोफा हलवा, व्हॅक्यूम फिरवा. आणि इथे लोक नेमकं उलटं करतात: मांजरीला त्या खोलीत येऊ देत नाहीत. येऊ द्या. औषध लावलेली मांजर हाच तुमचा सापळा. कोषातून निघालेल्या पिसूला रक्त हवं असतं, ती मांजरीवर चढते आणि अंडी घालायच्या आत मरते. मांजर नसली तर ती तुमच्यावर चढेल. माझ्या सासूबाईंनी आठवडाभर बैठकीचं दार लावून ठेवलं होतं. आत कोष तसेच राहिले, दार उघडल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

घराची साफसफाई

झाडू नको. झाडूने अंडी खोलीभर पसरतात. व्हॅक्यूम घरात नसेल तर मागून आणा, इंदुरात दर दुसऱ्या घरी माळ्यावर एक पडलेला असतो आणि तो फक्त दिवाळीला खाली उतरतो. पहिले दोन आठवडे रोज, मग एक दिवसाआड. भर फटींवर द्या: भिंतीच्या कडा, कोटा फरशीचे सांधे, दिवाणाच्या फळ्या, गाद्यांमधली खाच. आतला कचरा लगेच पिशवीत घट्ट बांधून सकाळच्या कचरागाडीत टाका. पिशवी घरात ठेवलीत तर पिसवा परत येतील. व्हॅक्यूम मिळालाच नाही तर ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं उकळत्या पाण्यात टाका.

मांजर झोपते ते सगळं कापड आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात. न धुता येणाऱ्या गाद्या ऐन दुपारी गच्चीवर, दोन्ही बाजू उलटून. माळव्यातलं एप्रिल-मेचं ऊन त्या कामाला पुरेसं आहे. पावसाळ्यात ऊन नाही, म्हणून पावसाळ्यात जास्त पाणी उकळायचं. अळ्यांना दमट हवा हवी असते, तेव्हा पंखा चालू ठेवा आणि खोली कोरडी राखा. जमिनीवर मीठ पसरा म्हणून सांगतात. जुलैत मी ते करून पाहिलं, मिठाला पाणी सुटून फरशी चिकट झाली, एवढंच. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

थांबायचं कधी

रात्री जमिनीवर ताटलीत साबणाचं पाणी ठेवा आणि वर टेबललॅम्प लावा, मांजर जवळ येणार नाही अशा जागी. पिसवा उजेडाकडे आणि उबेकडे उड्या मारतात. पिसवा जाणार नाहीत याने, पण किती उरल्यात ते रोज सकाळी कळतं. ताटली आणि फणी सलग दोन आठवडे रिकामी राहिली तरी तिसरा डोस चुकवू नका.

मधल्या काळात शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळासारखे दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे. अंग चाटताना मांजर पिसू गिळते, तिच्यातून तो पोटात जातो. जंताची गोळी डॉक्टरांना विचारून द्या, पण पिसवा आटोक्यात आल्यावर. नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

दारातलं पायपुसणं दर आठवड्याला धुवा. आणि जिन्यात येऊन दूध पिणारी ती गल्लीतली मांजर हात लावू देत असेल तर हिशेबात एक पिपेट तिचीही धरा. मी दोन वर्षं ती धरली नव्हती.