शेजारच्या जोडीचा आवाज

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी सात वाजले की आमच्या एक्स्चेंजचा फोन थांबायचा नाही. सगळ्यांची तक्रार एकच. दुपारपर्यंत नेट नीट होतं, आता मोडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटचा, दिवा लुकलुकतोय, दोन मिनिटं चालतं आणि परत जातं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून देवगड तालुक्यातल्या त्या लहानशा एक्स्चेंजवर नुकताच लागलो होतो. तक्रार आली की मी मोटरसायकल काढून त्या घरी पोचायचो, मोडेम बदलायचो, फोन आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर बदलायचो, रोझेट, म्हणजे भिंतीवरची फोनची डबी, उघडून स्क्रू आवळायचो. मी असेपर्यंत सगळं सुरळीत चालायचं, आणि रात्री पुन्हा त्याच घरातून फोन.

तिसऱ्या दिवशी आमचे जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारे, काका म्हणाले, "रे, हेच्या घरात काय बघतस? शेजाऱ्याचो मोडेम बंद करून बघ."

बघितला. तक्रारदाराच्या मोडेमचं मार्जिन, म्हणजे लाइन टिकायला लागतो त्यापेक्षा सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे तो आकडा, साडेतीन डेसिबलवर होतं. शेजारच्या दोन घरांतले मोडेम बंद केल्याबरोबर ते सातच्या वर गेलं. त्या घरांतले मोडेम एरवी कपाटात असायचे. चाकरमानी मुंबईहून उतरले की बाहेर निघायचे, आणि वाडीतली पाच-सहा घरं एकाच संध्याकाळी एकाच केबलवर सुरू व्हायची. बिघाड कुठल्याच घरात नव्हता. तो जोड्यांच्या शेजारात होता. या कामात नवीन येणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण मला ते कळायला अख्खा सण गेला.

आता हे होतं कसं ते सांगतो. टेलिफोनच्या केबलमध्ये प्रत्येक ग्राहकाची दोन तारांची जोडी असते आणि ती एकमेकींभोवती पिळलेली असते. हा पीळ दिसायला साधा, पण सगळं काम तोच करतो. ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. शेजारच्या जोडीतून येणारा उपद्रव पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच बसतो, आणि मोडेम दोन तारांतला फरक मोजत असल्यामुळे तो वजा होतो. पूर्ण मात्र कधीच नाही. थोडा उरतोच, आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तसा तो वाढत जातो. फोनवरचा माणसाचा आवाज ३४०० हर्ट्झच्या आसपास संपतो. डीएसएलचा जुना प्रकार एडीएसएल ११०४ किलोहर्ट्झपर्यंत जातं, त्यानंतरचं एडीएसएल २ प्लस त्याच्या दुप्पट, आणि आणखी वेगवान व्हीडीएसएल २ चं नेहमीचं प्रोफाइल साडेसतरा मेगाहर्ट्झच्या वर. म्हणून त्याच जोडीवर फोनवरचं बोलणं खणखणीत ऐकू येतं आणि नेट मात्र कोलमडतं. "फोन तर चालतोय, मग लाइन बरोबरच असणार," असं ग्राहक म्हणतो. त्याच्यावर चिडू नका. त्याला दिसतं ते तो सांगतोय.

एका जोडीतून दुसरीत होणाऱ्या या गळतीला क्रॉसटॉक म्हणतात. तो दोन तऱ्हेचा असतो. शेजारचा ट्रान्समीटर तुमच्या रिसीव्हरच्या टोकालाच असेल तर तो नेक्स्ट, म्हणजे जवळच्या टोकाचा. शेजारचा सिग्नल तुमच्यासोबत अख्खी केबल चालून तुमच्या रिसीव्हरपर्यंत आला तर तो फेक्स्ट, म्हणजे दूरच्या टोकाचा. नेक्स्ट जास्त घातक, कारण कानाशीच कोणी ओरडत असतो आणि आपला माणूस चार किलोमीटरवरून कुजबुजत असतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेवर एडीएसएलचा सिग्नल किलोमीटरमागे साधारण १४ डेसिबल घटतो, हा आमचा ढोबळ हिशेब. म्हणजे चार किलोमीटरवर ५५ डेसिबल, म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा तीन लाखावा भाग हातात. एवढ्याशा सिग्नलला शेजारची थोडीशी गळतीही भारी पडते.

नेक्स्टवरचा उपाय एडीएसएलच्या रचनेतच आहे. ग्राहकाकडून जाणारा सिग्नल १३८ किलोहर्ट्झच्या खाली, त्याच्याकडे येणारा त्याच्या वर, त्यामुळे दोन दिशा एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. येण्याची वाट रुंद आणि जाण्याची अरुंद ठेवावी, या विचारामागेही क्रॉसटॉकच होता. बेलकोर या अमेरिकी संस्थेतले जोसेफ लेचलायडर यांच्या लक्षात आलं की दोन्ही दिशांना सारखा वेग द्यायला गेलं की क्रॉसटॉक आड येतो, आणि एका दिशेचा वेग कमी ठेवला तर दुसरीचा पुष्कळ वाढवता येतो. एडीएसएलच्या नावातलं पहिलं अक्षर, असमानतेचं, त्यातून आलं. अपलोड इतका कमी का, असं कोणी विचारलं की मी हे पूर्ण सांगायचो. लोक शांतपणे ऐकून घेतात.

उरतो फेक्स्ट. तो मोजायला आकड्यांशी मैत्री करा. एडीएसएल आपला पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या २५६ खणांत विभागतं. प्रत्येक खणात सेकंदाला ४००० वेळा काही बिट भरले जातात, एका वेळी जास्तीत जास्त १५. आवाज, म्हणजे लाइनवरचा गोंगाट, ३ डेसिबलने वाढला की खणातला साधारण एक बिट जातो. केबलच्या हिशेबासाठी जे मॉडेल वापरतात त्यात त्रास देणाऱ्या जोड्या एकाच्या दहा झाल्या की फेक्स्ट ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे खणामागे दोन बिट, दोनशे खण धरले तर सेकंदाला १६ लाख बिट. गणपतीतली संध्याकाळ आणि हा हिशेब शेजारी ठेवून बघा, वाडीतला वेग कुठे गेला ते कागदावर दिसतं. आणि दुपारी शांततेत सिंक झालेल्या, म्हणजे एक्स्चेंजशी जुळलेल्या, मोडेमने तेव्हा मिळाला तेवढा सगळा वेग घेतलेला असतो. संध्याकाळी आवाज वाढला की मार्जिन शून्याकडे सरकतं आणि लाइन तुटते. अशा ठिकाणी मार्जिनचं लक्ष्य ६ वरून ९ किंवा १२ डेसिबलवर न्या. वेग थोडा घटेल, पण लाइन टिकेल. ग्राहकाला हे आधी सांगा, मग बदला. न सांगता बदललंत तर "माझा वेग चोरला" अशी नवी तक्रार येते, आणि ती रास्त असते.

पॉवर वाढवून प्रश्न सुटत नाही. एका लाइनची पॉवर वाढवली की तिचा त्रास शेजारच्या प्रत्येक जोडीला वाढतो.

आता ज्या बिघाडाने मला सगळ्यात जास्त शिकवलं तो सांगतो. किनाऱ्यालगतच्या एका वाडीत दोन घरांची नेटची तक्रार वर्षभर होती. फोन दोन्हीकडे स्वच्छ. लूप, म्हणजे दोन तारांचा एकूण रोध, बरोबर, इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरवर आकडा उत्तम, तार कुठे जमिनीला (अर्थ) टेकलेली नाही, दुसऱ्या लाइनची बॅटरी आत येत नाही. कागदावर निर्दोष लाइन. मार्जिन मात्र दोघांचंही पडलेलं, आणि एकाचा मोडेम बंद केला की दुसऱ्याचं एकदम वर. काकांनी एका जोडीवर टोन सोडला आणि दुसऱ्या जोडीवर तो ऐकवणारा प्रोब धरला. टोन इतका मोठा वाजला की मी दचकलो. "जोडी फुटली हा," ते म्हणाले.

फुटलेली जोडी म्हणजे स्प्लिट पेअर. जेली केबलमध्ये, म्हणजे पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेल्या केबलमध्ये, पहिल्या पाच जोड्यांत एक तार पांढरीच असते, दुसरी निळी, केशरी, हिरवी, तपकिरी, करडी. जॉइंट करताना पीळ जास्त उलगडला की कुठली पांढरी कुठल्या जोडीची ते कळत नाही. त्या वाडीत कधीतरी पावसात घाईघाईने जॉइंट झाला होता आणि केशरीची पांढरी हिरवीला, हिरवीची पांढरी केशरीला गेली होती. फोन चालेना म्हणून नंतर कोणीतरी तीनशे मीटर पुढच्या जॉइंटवर त्या दोन पांढऱ्या पुन्हा उलट करून टाकल्या. पहिला जॉइंट उघडलाच नाही. फोन सुरू झाले, तक्रार बंद झाली. पण मधल्या तीनशे मीटरमध्ये प्रत्येक ग्राहकाची एक तार एका पिळात आणि दुसरी शेजारच्या पिळात. पीळ असूनही नसल्यासारखा. डीसीच्या कुठल्याच चाचणीत हे दिसत नाही, कारण तारा सलग आहेत आणि कुठे टेकलेल्या नाहीत.

दोन्ही जॉइंट उघडून पांढऱ्या जागेवर आणल्या. त्याच संध्याकाळी दोन्ही घरांचं मार्जिन दहाच्या वर होतं. तेव्हापासून माझा नियम असा: जॉइंटमध्ये लागेल तेवढाच पीळ उलगडायचा, जोडीच्या दोन तारा हातातून सुटू द्यायच्या नाहीत, आणि जुनी चूक दुसऱ्या जागी उलटी करून कधीच मिटवायची नाही.

कोकणात यावर आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली पाणी. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे जॉइंटची जरा ढिली राहिलेली स्लीव्हही पाणी घेते, आणि त्यात किनाऱ्याची खारी हवा. पाणी बहुतेक वेळा जोडीच्या एकाच तारेला आधी धरतं. मग दोन तारांचा तोल जातो आणि पिळाचं वजाबाकीचं काम बिघडतं. म्हणून जुलैत क्रॉसटॉक वाढल्यासारखा वाटला तर आधी मेगर लावा. दुसरी गोष्ट जांभा. जांभ्याच्या कातळात अर्थिंग चांगलं लागत नाही आणि मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की आणखी खालावतं. केबलचं शिल्ड, म्हणजे तारांभोवतीचं धातूचं आवरण, नीट अर्थ झालेलं नसेल तर बाहेरचा सगळा आवाज आत येतो. उन्हाळ्यात अर्थचा खड्डा भिजवायला कोणी मजूर नसेल तर स्वतः दोन बादल्या ओता. मी ओतल्या आहेत.

बाहेरचा आवाज आणि शेजारचा आवाज यांतला फरक ओळखायला मोडेमच्या पानावरचा बिटचा आलेख बघायची सवय लावा. दोन-चार खणांतच अरुंद, खोल खड्डा दिसला तर तो बहुधा मध्यम लहरीवरच्या रेडिओ केंद्राचा, कारण त्या लहरींचा बराच भाग एडीएसएलच्या पट्ट्यात येतो. ठरावीक अंतराने लाटांसारख्या दऱ्या दिसल्या तर कुठेतरी न वापरलेली फांदी जोडीला समांतर लटकते आहे. बंगल्यांमध्ये जुने एक्स्टेंशन असतात, ते तपासा. आणि सगळाच आलेख दबलेला, उजवीकडे म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त, आणि तोही संध्याकाळी, तर शेजार तपासा. ही तीन चित्रं ओळखता आली की निम्म्या फेऱ्या वाचतात. घरात खांबापासून येणारी चपटी, बिनपिळाची वायर जितकी आखूड तितकी बरी.

एक चूक आमच्याकडे नियोजनातच झाली होती. लांबच्या वाडीला वेग मिळावा म्हणून डीएसलॅम, म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या मोडेमशी बोलणारं आमच्या बाजूचं यंत्र, वाडीजवळच्या कॅबिनेटमध्ये बसवला, पण काही जुने ग्राहक मुख्य एक्स्चेंजवरूनच ठेवले. दोघांच्या जोड्या कॅबिनेटपुढे एकाच केबलमध्ये. एक्स्चेंजचा सिग्नल तिथे पोचेपर्यंत थकलेला आणि कॅबिनेटचा ताजातवाना. नव्यांचं नेट धावलं, जुन्यांचं बुडालं. जुन्यांनाही कॅबिनेटवर घेणं हा सरळ मार्ग होता. तोवर कॅबिनेटवरच्या सिग्नलची पॉवर, जिथे दोघांचे पट्टे एक होतात तिथे, मुद्दाम कमी करावी लागली. व्हीडीएसएलमध्ये जवळच्या ग्राहकाचा मोडेमही वर जाणारी पॉवर अशीच आवरतो, नाहीतर दूरच्याचं म्हणणं ऐकूच येत नाही.

फेक्स्टवरचा खरा उपाय व्हेक्टरिंग. त्याचं मानक, जी.९९३.५, २०१० चं. डीएसलॅमला सगळ्या जोड्यांवर आपण काय पाठवतोय ते माहीत असतं. कुठल्या जोडीची गळती कुठे किती होते हे मोडेमकडून मोजून घेतलं की तो प्रत्येक सिग्नलमध्ये उलटा आवाज आधीच मिसळून पाठवतो, आणि ग्राहकाच्या टोकाला दोन्ही एकमेकांना पुसतात. अट एकच: केबलमधल्या सगळ्या जोड्या त्याच्या ताब्यात हव्यात. व्हेक्टरिंग न समजणारा एखादा जुना मोडेम त्याच केबलवर असेल तर त्याचा आवाज पुसला जात नाही.

आता घरोघरी फायबर येतंय, काचेच्या तारेत असला क्रॉसटॉक नाही, मग हे कशाला शिकायचं, असं मला आयटीआयची मुलं विचारतात. जुन्या हॉटेलांत आणि कारखान्यांत भिंतीत टेलिफोनची केबल तशीच आहे आणि तिच्यावरून डीएसएलचे एक्स्टेंडर, म्हणजे दोन टोकांना लावायच्या मोडेमच्या जोड्या, चालवतात. लॅनची, म्हणजे कॉम्प्युटर जोडायची, केबल खाचेत दाबून बसवताना (पंच करताना) पीळ जास्त उलगडला तर टेस्टर नेक्स्टवरच नापास करतो आणि स्प्लिट पेअरही तिथे तशीच होते.

शिकायचं असेल तर भंगारातून जेली केबलचा शंभरेक मीटरचा तुकडा मिळवा आणि एक्स्टेंडरच्या दोन जोड्या उसन्या आणा. शेजारशेजारच्या दोन जोड्यांवर त्या चालवा आणि चारही मोडेमचं मार्जिन वहीत लिहा. एक जोडी बंद करून दुसरीचं पुन्हा लिहा. मग मध्ये दोन ठिकाणी केबल सोलून, पहिल्या ठिकाणी दोन पांढऱ्या उलट जोडा आणि दुसऱ्या ठिकाणी परत सरळ करा. मेगर लावा, लूप मोजा, सगळं बरोबर येईल. त्यानंतर मोडेम लावा आणि मार्जिनचा नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा.