यकृताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण : पुढील वर्षांचा अंदाज कसा घ्यावा

प्रत्यारोपणानंतर नातेवाईक डॉक्टरांना हमखास विचारतात, की आता किती वर्षे मिळतील? योग्य निवड झालेल्या रुग्णांपैकी साधारण ७० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात, हे उत्तर खरे असले तरी ते समूहाचे आहे. आपल्या रुग्णाचा अंदाज त्याच्याच कागदपत्रांतून काढावा लागतो.

प्रथम शस्त्रक्रियेपूर्वीचे स्कॅन पाहावेत. १९९६ मध्ये इटलीतील मिलान येथे व्हिन्सेंझो माझ्झाफेरो आणि सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांच्या अभ्यासातून प्रत्यारोपणासाठी रुग्ण निवडण्याचे निकष मांडले : एकच गाठ असल्यास ती ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येकी ३ सेंटीमीटरपर्यंत, शिवाय मोठ्या रक्तवाहिन्यांत अथवा यकृताबाहेर कर्करोग नसावा. त्या रुग्णांपैकी ७५ टक्के चार वर्षांनी हयात होते.

त्याहून मोलाचा कागद म्हणजे काढलेल्या यकृताचा पॅथॉलॉजी अहवाल. तो पुष्कळदा फाइलमध्ये न वाचताच राहतो, म्हणून त्याची प्रत आग्रहाने मागून घ्यावी. स्कॅनमध्ये न दिसलेल्या बाबी त्यात उघड होतात. जिवंत कर्कपेशी असलेल्या गाठी किती आणि सर्वांत मोठी केवढी, तसेच सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कर्करोग शिरला होता का, हे त्यात शोधावे आणि प्रत्यारोपणाच्या वेळची रक्तातील एएफपीची (यकृताच्या कर्करोगात अनेकदा वाढणाऱ्या प्रथिनाची) पातळी त्यासोबत लिहून ठेवावी. याच बाबींवरून 'रिट्रीट' नावाचा ० ते ८ गुणांचा अंदाज काढतात. शून्य गुण असलेल्यांमध्ये पाच वर्षांत कर्करोग परतण्याचे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी आढळले, तर पाच किंवा अधिक गुण असलेल्यांमध्ये ते ७५ टक्क्यांपेक्षाही जास्त होते. हा गुणांक आपल्या डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा.

पुढील तपासण्यांचे वेळापत्रक त्यानुसार ठरवून घ्यावे. कर्करोग परतलाच तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि यकृताइतकाच फुप्फुसांत किंवा हाडांतही दिसतो. म्हणून केवळ पोटाची सोनोग्राफी पुरेशी मानू नये. अनेक केंद्रांत पहिली काही वर्षे दर सहा महिन्यांनी छाती व पोटाचा सीटी स्कॅन आणि एएफपी तपासतात. लवकर सापडलेली एखादी गाठ काही वेळा शस्त्रक्रियेने काढता येते, म्हणून तब्येत उत्तम वाटत असतानाही तपासणी चुकवू नये.

शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधाची मात्रा स्वतःहून कमी केल्यास नवे यकृत नाकारले जाण्याचा धोका असतो, तर गरजेपेक्षा अधिक मात्रेने कर्करोग परतण्याची शक्यता वाढू शकते. ही मात्रा औषधाची रक्तातील पातळी पाहून डॉक्टरांनीच ठरवावी. मूळ आजार हिपॅटायटिस बी असल्यास विषाणूविरोधी गोळ्या चालूच ठेवाव्यात आणि मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे.

कर्करोग परतल्यावर उपचार दुसऱ्या डॉक्टरांकडे घ्यायचे ठरले, तर प्रत्यारोपणाची माहिती त्यांना पहिल्याच भेटीत द्यावी, कारण प्रतिकारशक्ती चेतवून कर्करोगाशी लढणाऱ्या काही इम्युनोथेरपी औषधांमुळे शरीर नवे यकृत नाकारू शकते.