लग्नाला आलेल्या पाहुण्यांना मुंबई कशी दाखवावी

लग्नघरात पाहुण्यांच्या जेवणाचा हिशोब असतो, गाद्या-उशांचा असतो, अहेराचा तर असतोच. पण कोल्हापूर-नागपूरहून दोन दिवस आधी येऊन दाखल झालेल्या मंडळींनी दिवसभर करायचं काय, हे कुणी ठरवलेलं नसतं. मग "जरा गेटवे दाखवून आण यांना" असं म्हणून ऐन धावपळीत नवरीच्या भावाला पिटाळलं जातं. हे टाळायचं असेल तर पत्रिका छापायला टाकाल त्याच आठवड्यात पुढची कामं उरकून घ्या.

आधी रिकामा वेळ शोधा, ठिकाणं नंतर

सीमांतपूजन संध्याकाळी असेल तर त्या दिवशीची सकाळ मोकळी असते, पण दुपारी तीनच्या आत सगळे परत हवेत. बायकांना तयार व्हायला वेळ लागतो आणि हॉलवरच्या खोल्यांत बाथरूम मोजकीच असतात. लग्नाच्या दिवशी कुणालाही कुठेही नेऊ नका. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण असेल तर प्रसादानंतरचा वेळ मिळतो. पुरता दिवस मोकळा मिळतो तो त्याच्याही पुढचा.

आता या वेळांवर वार टाकून बघा, कारण मुंबईत खरी फजिती वारामुळे होते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि आतली कान्हेरीही सोमवारीच बंद. राणीची बाग आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी गर्दी इतकी असते की त्या दिवशी दर्शनाचं वचन कुणाला देऊच नये. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी बघा. मुहूर्त रविवारचा धरला असेल तर सोमवार फिरायला मोकळा मिळतो आणि नेमकी लेणी बंद असतात, हे पत्रिका हातात घेतल्यावरच लक्षात घ्या.

गुडघे मोजा

वयापेक्षा चालण्यावरून गट पाडा. जिने चढणारे एकीकडे, न चढणारे दुसरीकडे, आणि लहान मुलं ज्यांच्या मागे आहेत ते तिसरीकडे. सगळ्यांना एकत्र न्यायचा मोह होतो, पण वीस माणसांची वरात रस्ता ओलांडेपर्यंत अर्धा तास जातो. सात-आठ जणांच्या गटामागे मुंबई माहीत असलेला एक माणूस पुरतो. हा माणूस यजमानांच्या घरातला नको. चुलत-मावस भावंडांपैकी कॉलेजात जाणारं कुणी, नाहीतर शेजारचा एखादा मुलगा बघा. घरातल्या माणसाला दर दहा मिनिटांनी फोन येतात आणि पाहुणे फुटपाथवर ताटकळतात.

एका दिवशी एकच दिशा

सकाळी बोरिवली, दुपारी गेटवे, संध्याकाळी जुहू असा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात सगळा दिवस गाडीत जातो आणि पाहुणे गावी जाऊन सांगतात, मुंबईत ट्रॅफिकच फार.

*दोन-तीन तासच असतील तर,* आणि हॉल दादरला असेल तर, दादर सोडूच नका. पहाटे उठणाऱ्यांना स्टेशनजवळचा फुलबाजार दाखवा. गजऱ्यांची खरेदीही तिथेच होऊन जाते. मग शिवाजी पार्क, चैत्यभूमी आणि समुद्र. छबिलदास गल्लीतला वडा आणि 'प्रकाश'मधलं पीयूष यांवर गावाकडच्या माणसांचं हमखास एकमत होतं. आत्या-मावश्यांना रानडे रोडवर सोडलं की त्यांना तुमची गरज उरत नाही.

*अर्धा दिवस असेल तर* दक्षिण मुंबई. सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करा. १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत २००४पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिच्यातून गाडी पकडायला धावलेले पुष्कळ असतात, पण समोर उभं राहून निवांत पाहिलेले थोडे. तिथून पायी हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांचं स्मारक आहे, मुलांना दोन वाक्यांत सांगा. पुढे ओव्हल मैदान. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या टोकदार गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको घरांची रांग, या दोहोंना मिळून २०१८ साली वारसा दर्जा मिळाला. मधे पोरं क्रिकेट खेळत असतात. ऊन चढलं की १९२२पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरा; मे महिन्यातल्या लग्नात अकरा ते चार हा वेळ छपराखालीच काढावा. मग गेटवे. मुलं बरोबर असतील तर टॅक्सीने मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट आणि येताना गिरगाव चौपाटी.

*पुरती सकाळ असेल तर* घारापुरी, आणि माझ्या मते वऱ्हाडाला दाखवावं असं मुंबईतलं पहिलं ठिकाण हेच. गेटवेहून बोटीने साधारण तासभर लागतो. पहिल्या बोटींपैकी एखादी पकडा. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, मुलं त्यावरच खूश होतात. त्यानंतर मात्र सुमारे १२० पायऱ्या आहेत. न चढणाऱ्यांसाठी डोली मिळते, पैसे आधी ठरवून घ्या. हातात खाऊची पिशवी दिसली की माकडं ती ओढतात, तेव्हा लाडू-चिवडा पाठपिशवीच्या तळाशी ठेवा. वीसेक फुटी त्रिमूर्तीपाशी सगळे आपोआप थांबतात. शिव-पार्वतीच्या लग्नाचं शिल्प मात्र शोधून दाखवावं लागतं. नवरी वराच्या उजव्या हाताला उभी आहे, तिच्या मागे कन्यादान करणारा बाप हिमवान आणि पौरोहित्याला साक्षात ब्रह्मदेव. दोन दिवस मांडवात काढलेल्या माणसांना यात काही समजावून सांगावं लागत नाही. शेवटची बोट कधीची, हे बेटावर उतरतानाच विचारून घ्या.

लहान मुलांचा वेगळा गट असेल तर त्यांना राणीच्या बागेत नेऊन पेंग्विन दाखवा. हॉल बोरिवली-कांदिवलीकडे असेल तर उगाच शहरात उतरण्यापेक्षा कान्हेरी बरी. शंभराहून अधिक लेणी आहेत, पाण्याच्या बाटल्या आणि चालायचे बूट हवेत. अलिबाग आणि माथेरान लग्न पार पडल्यावरच. जूनमधलं लग्न असेल तर अलिबाग विसरा, पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद असतात.

जायचं कसं

बाहेरच्या माणसाला पहिला धक्का बसतो तो रिक्षांचा. पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला सायनच्या पुढे शहरात रिक्षा येत नाहीत, तिथून टॅक्सीच. आठ जणांसाठी टेंपो ट्रॅव्हलर सांगत असाल तर पार्किंग आणि टोल भाड्यात धरलाय का ते विचारा. लोकलमध्ये एकदा तरी बसवा, पण सकाळी अकराच्या आत शहराकडे आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उपनगरांकडे नको. दागिने हॉलवर कुलपात ठेवायला सांगा. डब्यात चढायच्या आधीच कुठे उतरायचं ते ठरवा आणि कुणी मागे राहिलंच तर त्याने हलायचं नाही, दुसरा माणूस परत येईल, हेही सांगून ठेवा. ज्यांना ही धावपळ झेपणार नाही त्यांच्यासाठी मेट्रो-३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी वर दिलेली बरीचशी ठिकाणं तिच्याच मार्गावर आहेत, आणि एसी आहे.

आदल्या रात्री

व्हॉट्सॲपवर एकच निरोप टाका: निघायची वेळ, भेटायची जागा, कोण नेणार त्याचा नंबर, परतायची वेळ. निघायची वेळ अर्धा तास अलीकडची लिहा. प्रत्येकाकडे हॉलचा पत्ता मराठीत आणि पिनसकट असू द्या. "दादरचा हॉल" एवढ्यावर टॅक्सीवाला कुठेही नेऊ शकतो. तिकिटांचे पैसे कुणी द्यायचे हेही आधीच ठरवा, नाहीतर खिडकीपाशी "अहो राहू द्या, मी देतो"चा खेळ रंगतो आणि मागची रांग ओरडते.

ज्यांची परतीची गाडी रात्री टर्मिनसवरून आहे, त्यांचा दक्षिण मुंबईचा फेरा त्याच दिवसासाठी राखून ठेवा. सामान दुपारीच स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकायचं, त्यासाठी बॅगांना कुलपं लागतात. नऊच्या सुमारास समोरच्या 'आराम'चा वडापाव बांधून घेतला की गाडीतल्या जेवणाचीही सोय होते.