सरासरी लिहिण्याआधी गुणांची ओळ वाचा

चाचणीचे पेपर तपासून झाले की केंद्रप्रमुखांकडे द्यायच्या तक्त्यात वर्गाची सरासरी भरली जाते आणि बहुतेक वेळा विश्लेषण तिथेच थांबते. त्याआधी सर्व गुण चढत्या क्रमाने एका ओळीत लिहावेत. समजा, २० गुणांच्या चाचणीत दहा मुलांना ३, ४, ४, ५, ६, १४, १५, १६, १६ आणि १७ गुण मिळाले. सरासरी १० येते, मधल्या दोन गुणांवरून काढलेला मध्यकही १० येतो, पण दहाच्या जवळपास एकही मूल नाही. वर्ग दोन गटांत विभागलेला आहे आणि मधली पातळी धरून घेतलेला तास यांपैकी कोणाच्याच कामाचा नाही. प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरले आहेत याचे माप, काढता आले तर उत्तमच. मात्र इतक्या लहान वर्गात ही ओळ नीट वाचल्यानेच अधिक कळते, असे माझे मत आहे.

दोन चाचण्यांची तुलना करताना बीडसारख्या जिल्ह्यात विशेष दक्षता घ्यावी लागते, कारण दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. वरील उदाहरणातील वर्गातली ३, ४ आणि ५ गुणांची तीन मुले आईवडिलांबरोबर फडावर गेली आणि उरलेल्या सात जणांना पुढच्या चाचणीत पूर्वीइतकेच गुण मिळाले, तरी सरासरी १० वरून सुमारे १२.६ होते. कोणीही पुढे गेलेले नसताना तक्त्यात मात्र प्रगती दिसते! म्हणून दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच तुलना करावी आणि न आलेल्या मुलापुढे शून्य न लिहिता ‘गैरहजर’ लिहावे. दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी वेगळी असेल, तर गुणांतील फरकाला प्रगती किंवा घसरण म्हणण्याची घाई करू नये. शिवाय दहा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजेच दहा टक्के, हेही लक्षात ठेवावे.

त्यानंतर प्रश्ननिहाय तक्ता करावा आणि त्यात केवळ चूक-बरोबर न नोंदवता मुलांनी लिहिलेले उत्तरही टिपावे. ४०३ − १५८ या वजाबाकीत बऱ्याच मुलांनी २४५ ऐवजी ३५५ लिहिले असेल, तर ती प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहेत. तेव्हा त्यांना आणखी उदाहरणे देण्यापेक्षा दशकाच्या काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावेत. एखाद्या प्रश्नात वरच्या गटातील मुलेही चुकली असतील, तर आधी प्रश्नाची भाषा आणि आपली उत्तरसूची तपासावी.