चिऱ्याच्या भिंतीला फुटलेला खार : माझा अनुभव

नाताळला मुलं-नातवंडं यायची, म्हणून पडवीच्या भिंतीचं काम पाऊस सरल्यावर लगेच काढलं. जोत्याजवळ पोपडे, त्यावर पांढरा भुगा, म्हणजे खार. नुसता रंग मारून हे जात नाही.

कारण साधं आहे. जांभा चिरा सच्छिद्र, जमिनीची ओल आणि तिच्यात विरघळलेलं मीठ वर ओढतो. वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग असला की ओल बाहेर पडत नाही. गिलाव्यामागे मीठ साचतं आणि तोच गिलावा ढकलतं.

ओलीच्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत सिमेंट छिन्नीने काढलं. मीठ कोरड्या ब्रशनेच झाडायचं. गवंडी हमखास पाणी मारून धुवायला बघतो; त्याने मीठ विरघळून परत आत जातं. चिरा सुकू द्यावा, घाई नको.

गिलावा : १ भाग पाण्याखाली किमान दोन आठवडे मुरवलेला चुना, ३ भाग चाळलेली नदीची वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठच असतं. लावण्याआधी चिरा हलका भिजवायचा. एका थराची जाडी १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जास्त झाली की तडे. ओली गोणपाटं आठवडाभर, मग दुसरा थर. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. चष्मा, हातमोजे हवेतच.

वर चुन्याचीच सफेदी. चर्चच्या आवारातल्या चिऱ्याच्या क्रुसाचा चौथराही आम्ही याच मिश्रणाने सारवला.

आणि पागोळ्या जोत्यावर उडत असतील तर आधी पन्हळ लावा.