बेन-२ भरताना या चुका टाळा

"शेअर सगळे घरातच आहेत, आम्हाला कशाला तो फॉर्म?" वार्षिक विवरणपत्रांची धांदल सुरू झाली की हे वाक्य ठरलेलं. तो फॉर्म म्हणजे बेन-२: कंपनीच्या शेअरमागचा खरा लाभधारक कोण, हे सरकारला कळवायचा. असतात घरातच, पण काकांच्या नावावर की काकांच्या फर्मच्या, हे कुणी बघत नाही. फक्त स्वतःच्या नावावर असतील तर ज्याखाली बेन-२ भरतात ते कंपनी कायद्याचं कलम ९० लागत नाही. मध्ये कंपनी, फर्म, एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) किंवा ट्रस्ट आला, की त्यामागचा माणूस कोण ते सांगावं लागतं.

कंपनी कायदा, २०१३ मध्ये हिश्श्याची मर्यादा २५ टक्के वाचून पुस्तक मिटू नका. नियमांत ती १० टक्के आहे.

सर्वांत महागात पडतो तो गुणाकार. समजा, तुमच्या प्रायव्हेट लिमिटेडचे १५ टक्के शेअर घरच्याच एका गुंतवणूक कंपनीकडे आहेत आणि त्या कंपनीत वडिलांचे ६० टक्के. कॅल्क्युलेटर म्हणतो ९ टक्के, म्हणजे सुटलो! नाही सुटलात. मधल्या कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा असला की तिचे सगळे १५ टक्के वडिलांच्या खात्यात धरायचे. दोन भाऊ बरोबर निम्मे-निम्मे असतील तर हा निकष लागत नाही. मग नियंत्रण कोणाच्या हातात आहे ते तपासा. फर्मचं गणित आणखी वेगळं: तिथे नफ्यात दोनच टक्के असलेला भागीदारही मोजला जातो. एचयूएफमध्ये कर्ता.

नियंत्रणाचा मुद्दा हलका घेऊ नका. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या आरओसीने (कंपनी निबंधकाने) लिंक्डइन इंडियाच्या प्रकरणात, नियंत्रण त्यांच्या हातात असल्याचं धरून, मूळ कंपनी मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला आणि लिंक्डइनचे तेव्हाचे प्रमुख रायन रोस्लान्स्की यांनाही दंड लावला. सगळ्यांचा मिळून सुमारे २७ लाख.

दुसरी सबब: "आम्हाला कुणी बेन-१ दिलाच नाही." बेन-१ म्हणजे लाभधारकाने कंपनीला द्यायचं घोषणापत्र. त्याची वाट बघत बसायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. १० टक्के किंवा जास्त शेअर असलेला सभासद हा माणूस नसून कंपनी, फर्म वगैरे असेल, तर कंपनीनेच बेन-४ ची नोटीस पाठवून विचारायचं. बेन-१ हातात आला की ३० दिवसांत बेन-२ आरओसीकडे, आणि नोंद बेन-३ च्या रजिस्टरमध्ये. हे रजिस्टर बरेच जण विसरतात.

कलम ८९ शी गल्लतही नेहमीची; ते शेअर एकाच्या नावावर आणि हक्क दुसऱ्याचा, अशा वेळचं. उपकंपनीत सभासदसंख्या दोन करायला कुणाच्या तरी नावावर एक शेअर ठेवलेला असतो. त्याचे कागद एमजीटी-४, ५ आणि ६. ते भरले म्हणून बेन-२ सुटत नाही.

एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असेल तरी निश्चिंत राहू नका, नोव्हेंबर २०२३ पासून तिथेही असेच नियम आहेत.

मुदत उलटून गेली असेल तर मागची तारीख घालण्याचा मोह आवरा. बेन-१ बेन-२ ला जोडावा लागतो, तारखा तिथे समोरासमोर येतात. खरी तारीख घाला, उशिराचं जादा शुल्क भरा आणि आजच दाखल करा: कंपनीला १ लाख दंड, वर रोजचे ५००, असं ५ लाखांपर्यंत चढतं. कंपनीच्या अधिकाऱ्यांचा आणि त्या लाभधारकाचा दंड वेगळा.